एक्केचाळीस नंबरचं चेंबर

लाल रंग वेळेवर पोहोचला नाही, म्हणून दीक्षा बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला पाऊण तास उशिरा पोहोचली.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तिनं तालमीच्या वरच्या अंगाच्या चेंबरमध्ये बादलीभर लाल पाणी ओतलं होतं. नकाशावरचा उतार आणि पाइपाचा घेर धरून तिनं आधीच मांडून ठेवलं होतं, की हा रंग मोठ्या लाइनीनं चौदा मिनिटांत उताराच्या टोकाला दिसायला हवा. टोकाला बसवलेला माणूस चाळीस मिनिटं वाकून बघत राहिला. रंग आला नाही. त्या लाइनीत धड पाणीसुद्धा नव्हतं. रंग दिसला तो भलतीकडंच, खालच्या गल्लीत, अमीरबी चाचीच्या दारावरून जाणाऱ्या नऊ इंची बारक्या लाइनीत. तोही एकतीस मिनिटांनी.

गेल्या वर्षीच्या महापुरानंतर शहराची जुनी ड्रेनेज लाइन नव्यानं बांधायला घेतली होती. शिवाजी पेठेच्या वरच्या भागाचं सगळं पाणी एका तीन फुटी पाइपात गोळा करायचं आणि जुन्या मोठ्या लाइनीला जोडायचं, असं ठरलं होतं. जोडणी दहा जूनच्या आत व्हायची होती. आणि ती मोठी लाइन मध्येच कुठंतरी बंद होती, हे आज सकाळी पहिल्यांदा कळलं होतं, तेही अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या तेवीस वर्षांच्या एका पोरीला.

ती घरात शिरली तेव्हा खिरीच्या वाट्या फिरत होत्या. आबांच्या दोन खोल्यांत माणसं दाटीनं बसली होती. आबा, म्हणजे तिचे आजोबा गणपती, ड्रेनेज खात्यात मुकादम होते. रिटायर होऊन अठरा वर्षं झाली तरी पेठ त्यांना गणपती मुकादमच म्हणायची. त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून दीक्षाचे वडील प्रसेनजीत. घराण्यानं धम्म स्वीकारल्यावर जन्मलेलं पहिलं पोर म्हणून त्यांचं नाव हे असं ठेवलेलं. ते बँकेत लागले, कसबा बावड्यात त्यांनी घर बांधलं, आणि गटार हा शब्द त्या घरात कधी उच्चारला नाही. उंबऱ्याजवळ जोतीकाका, आबांच्या मेलेल्या भावाचा, आकारामचा मुलगा, आता खात्याच्या गाडीवर ड्रायव्हर. आणि खीर वाढत होती आकारामची बायको अंबूबाई, सत्तरीतली, डोईवरचा पदर थोरल्या दिरासमोर आजही न ढळू देणारी.

वाटी घ्यायला दीक्षानं हात पुढं केला.

"हात कशानं रंगलं गं?" अंबूआजी म्हणाली. "रंगपंचमी होऊन दोन म्हैनं झालं की."

दीक्षानं बघितलं, आबांचा चमचा वाटीतच थांबला.

तिनं रंगाची गोष्ट सांगितली. ती नेहमी सांगायची तशीच, वेळा आणि मापं जागच्या जागी ठेवून. तिचा सगळा रोख एका चेंबरवर होता. नकाशात त्याचा नंबर एक्केचाळीस. गल्लीच्या वळणावर मोठी लाइन जिथं काटकोनात फिरते, तिथं ते असायला हवं होतं. रस्त्यावर त्याचा मागमूस नव्हता. पण जुन्या रजिस्टरात ते दरवर्षी होतं. मे महिन्याच्या पानावर एकच ओळ: एक्केचाळीस नंबर, उघडले, साफ केले. खाली सही.

"सही तुमची आहे, आबा," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशीपर्यंत तुमची. पुढच्या मुकादमांनी तीच ओळ उतरवत नेली. मला फक्त जागा दाखवा."

प्रसेनजीतनी वाटी खाली ठेवली. पोरगी इंजिनिअर झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. ती ह्या कामावर लागली तेव्हा ते आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. आता ते शांतपणे बोलले, आणि दीक्षाला त्यांचा आवाज चढण्यापेक्षा हा शांतपणाच जड जायचा. आबांचं वय शहात्तर, त्यांना काही आठवत नाही, असं ते म्हणाले. आणि आठवत असलं तरी, न उघडलेल्या चेंबरवर उघडलं म्हणून सही केली याचा अर्थ काय होतो हे तिला कळतंय का? पेपरात येईल. पेन्शनचं काय होईल ते वेगळंच.

"माझ्या बापानं आयुष्य त्या भोकात घालवलं, ते तुला पुन्हा त्याच्या तोंडाशी उभी करायला न्हवं," ते म्हणाले. रागात त्यांची बँकेतली भाषा सुटायची आणि पेठेतली वर यायची.

जोतीकाका चुलतभावाच्या बाजूनं बोलले. म्हाताऱ्याला कशाला ताप, खात्याचं खातं बघून घेईल. दीक्षाला वाटलं, आता खोलीत आपल्या बाजूनं कुणीच उरलं नाही. तेवढ्यात दारातून अमीरबी चाची आत आली. दर बुद्धपौर्णिमेला ती खिरीला यायची आणि ईदेला शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन यायची. तिचा नवरा दिलदार गवंडी आबांचा जिगरी दोस्त. तो जाऊन सहा वर्षं झाली होती.

"काय पोरी, रंग माझ्या दारात सापडला म्हणं?" बसता बसता ती म्हणाली. "मग त्यात नवल काय? पेठेतलं काय माझ्या दारात येत न्हाय? गेल्या साली नदी यायच्या आधी माझी मोरी आली. गुडघाभर. तांदळाचा डबा तरंगत हुता."

कुणी हसलं नाही. एरवी अमीरबी बोलली की घर हसायचं.

दीक्षानं वही उघडली. तिला भांडता येत नव्हतं. आकडे सांगता येत होते. नवा पाइप जोडल्यावर वरचं सगळं पाणी एकदम खाली येणार. मोठी लाइन बंद असेल तर ते त्या नऊ इंची लाइनीत घुसणार. जोराचा पाऊस तासभर पडला, तर वीस मिनिटांत चाचीच्या घरात तीन फूट पाणी. गुडघाभर नव्हे, कमरेएवढं. आणि चाचीच्या पुढं आणखी सव्वीस घरं.

"मग जोडू नका," प्रसेनजीत म्हणाले.

"मग वरच्या गल्ल्या बुडतील."

आबा एवढा वेळ भावजयीकडं बघत होते. परवानगी मागावी तसं. दीक्षाला ते कळलं नाही. तिला वाटलं, त्यांना पाणी हवंय. अंबूआजीनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पदर सावरला.

"भावजी, सांगा आता," ती म्हणाली. "लई वर्सं झाली."

आबा बोलले ते खाली मान घालून. दीक्षानं नंतर कितीदा ते मनात जुळवून बघितलं, आणि प्रत्येक वेळी त्यातलं एकेक माप नीट बसलं.

एक्केचाळीस नंबरला लाइन काटकोनात वळायची, म्हणून सगळा गाळ तिथंच साठायचा. दर पावसाळ्याआधी माणूस आत उतरून घमेल्यानं तो काढायचा. चौऱ्याहत्तर साली आकाराम उतरला. गॅस होता. वर दोर आबांच्या हातात होता. ओढेपर्यंत भाऊ गेला होता. त्यानंतर सहा वर्षं तिथं आबा स्वतः उतरले, दुसऱ्या कुणाला उतरू दिलं नाही. मग ऐंशी साली आकारामचा जोतीराम अठरा वर्षांचा झाला आणि वारसाहक्कानं बापाच्या जागेवर त्याची ऑर्डर आली. बापाची जागा म्हणजे बापाची टोळी, आणि त्या टोळीकडं एक्केचाळीस नंबर. नोकरी नाकारली तर खात्याची राहती खोली जायची. घेतली तर पोरगं तिथं उतरणार.

"मीच सांगितलतं त्यास्नी," अंबूआजी म्हणाली. "म्हटलं, नोकरी करंल. सगळीकडं उतरंल. पर तिथं न्हाय. काय बी करा."

म्हणून त्यांनी ते बंद केलं. रंगपंचमीच्या दिवशी दुपारी, सगळी पेठ रंगात असताना, आत उतरून खालच्या पाइपाच्या तोंडावर वीट-सिमेंटची भिंत घातली. पाणी बाजूच्या बारक्या लाइनीला वळलं. तेव्हा वरच्या अंगाला घरं थोडी, संडास त्याहून थोडे. बारकी लाइन पुरायची. लोखंडी झाकण काढून त्यावर दगडी फरशी टाकली, वर मुरूम. पुढच्या साली डांबर पडलं. आणि दर मे महिन्यात आबांनी सही केली, कारण चेंबर साफ आहे म्हटल्यावर साहेब माणूस पाठवत नाही. पुढं वर मजल्यांवर मजले चढले. ते आबांच्या हिशेबात नव्हतं.

जोतीकाका उंबऱ्यावरून उठून आत आले. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण आईसमोर उकिडवा बसला.

"आये, मी बाकीच्या साठ ठिकाणी उतरलोच की."

"उतरलास. पर तिथं न्हाय."

अमीरबीची वाटी तशीच हातात होती.

"भाऊ, भित्ताड कुणी बांदलं?" तिनं विचारलं.

आबांनी पहिल्यांदा मान वर केली. "आमच्यात गवंडी एकच हुता, अमीरबी."

दीक्षाला वाटलं, आता चाची उठून जाईल. सव्वीस वर्षं आपल्याच मोरीतलं पाणी उपसलेली बाई दुसरं काय करणार? प्रसेनजीतनाही तसंच वाटलं असावं. ते अर्धवट उठलेच होते.

"दर पावसाळ्याला बादल्या भरताना मी खात्याला शिव्या घालायची," अमीरबी हळू म्हणाली. "तर हा मानूस मलाच गप करायचा. म्हनायचा, ऱ्हाऊ दे, आपलंच पानी हाय. मला वाटायचं, साधा हाय बिचारा." तिनं वाटी खाली ठेवली. "आता काय सांगू पोरी तुला. त्याचं काम हाय म्हंजे भित्ताड सहजी पडायचं न्हाय."

मग ती रडली, आणि अंबूआजी तिच्याजवळ सरकून बसली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

शेवटी आबांनी एक अट घातली. जागा दाखवतो, पण आत माणूस उतरायचा नाही. कुठलाच. परगावचा बी न्हाय, रोजंदारीचा बी न्हाय. वरनं रस्ता खोदायचा, चेंबर आभाळाला उघडं करायचं, मग भिंत फोडायची.

दीक्षा लगेच हो म्हणाली नाही. असा शब्द देण्याएवढी तिची नेमणूक नव्हती. वरून खोदायचं तर चार दिवस जास्त, रस्ता बंद, आणि पावसाला साडेतीन आठवडे. ठेकेदार दोर लावून अर्ध्या तासात माणूस उतरवेल, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं मनात दिवस मांडले, पुन्हा मांडले. बसत होते, जेमतेम.

"कुणी उतरणार नाही, आबा," ती म्हणाली. "माझा शब्द."

प्रसेनजीत चपला घालून निघून गेले.

मंगळवारी सकाळी दहाला गल्लीच्या वळणावर सगळे जमले. खात्याचे साहेब आले होते, ठेकेदाराचा माणूस आला होता, आणि दीक्षानं शनिवारपासून तीनदा सांगूनही कमरेला दोर बांधलेला एक मजूर तयार उभा होता. विजापूरकडचा असावा, त्याला मराठी नीट कळत नव्हतं.

"बाई, अर्ध्या तासाचं काम हाय," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. "तुमी जागा तेवढी दावा. हे पावणं उतरतील, चार घण घालतील, वर येतील. झालं."

साहेबांनी तिला बाजूला घेतलं. वाईट माणूस नव्हते ते. त्यांच्यावरही दहा जूनची तारीख होती. चार दिवस रस्ता बंद ठेवायची परवानगी कुणाच्या बळावर मागू, असं त्यांनी विचारलं. तिच्याकडं उत्तर होतं ते आकड्यांचं, आणि ते त्यांना आधीच माहीत होतं. जागा तिलाही ठाऊक नव्हती. लोखंडी झाकण काढलेलं असल्यामुळं लोखंड शोधणाऱ्या यंत्राला काही लागत नव्हतं. जागा ठाऊक असलेला माणूस समोर अमीरबीच्या पायरीवर बसला होता, काठीवर दोन्ही हात ठेवून, आणि साहेब दोनदा जवळ जाऊन बोलले तरी त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला प्रसेनजीत स्कूटरवरून आले. बँकेच्या कपड्यांत, कामाच्या दिवशी. दीक्षाला वाटलं, ते आबांना घरी न्यायला आले असणार.

त्यांनी स्कूटर स्टँडला लावली, पिशवीतून कागद काढले आणि सरळ साहेबांच्या हातात दिले. अर्ज होता. चार पानी, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. चौऱ्याहत्तर सालचा मृत्यू त्यात होता, ऐंशी सालची भिंत होती, वडिलांच्या खोट्या सह्या होत्या, साल न् साल. विनंती एकच: चेंबर वरून उघडावे, आत मनुष्य उतरवू नये. खाली खालच्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या आणि अंगठे. पहिला अंगठा अमीरबीचा. शनिवार-रविवार ते कुठं होते ते दीक्षाला आता कळलं.

साहेबांनी उभ्यानं दोन पानं वाचली. तिसरं वाचताना त्यांनी मजुराकडं बघितलं.

"मी बघतो," ते म्हणाले.

"बघा," प्रसेनजीत म्हणाले. "पण पोच द्या. तारीख आणि वेळ टाकून. मी अर्ध्या दिवसाच्या रजेवर आहे, मला घाई नाही."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. या कागदाची पोच दिल्यावर आत माणूस उतरला आणि त्याचं काही झालं, तर काय होईल, हे कुणी बोलून दाखवलं नाही. त्यांनी वेळ टाकली, सही केली आणि ठेकेदाराच्या माणसाला जेसीबी आणायला सांगितलं.

तोवर जोतीकाका मजुराजवळ गेले होते. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याच्या कमरेची गाठ सोडली, ओळखीची होती ती, आणि दोर गुंडाळून स्वतःच्या खांद्यावर टाकला.

"तुझं मराठी इंजिनिअरचं," प्रसेनजीत लेकीला म्हणाले. तिच्याकडं न बघता. "अर्ज असा लिहायचा असतो."

मग आबा उठले. तालमीच्या कोपऱ्याच्या दगडाला त्यांनी पाठ लावली, आणि काठी काखेत धरून मोजून दहा पावलं टाकली. थांबले. थोडं डावीकडं सरकले. काठीचं टोक डांबरावर ठेवलं.

दीक्षानं खडूनं तिथं फुली मारली. दुसऱ्या दिवशी फरशीचा मध्य लागला तो फुलीपासून एक वीत पलीकडं. तिनं ते अंतर वहीत लिहून ठेवलं. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

खोदाईला चार नाही, सहा दिवस लागले. मध्ये एक पाण्याचा पाइप फुटला आणि गल्लीनं दीक्षाला दोन दिवस नळ नाही म्हणून ऐकवलं. एका दुपारी वळीव कोसळला, तेव्हा खड्ड्यावर ताडपत्री धरायला जोतीकाकांसकट सात जण धावले. भिंत उघडी पडली तेव्हा सगळ्यांनी वाकून बघितली. सव्वीस वर्षं घाणीत बुडालेली, पण एकही वीट हललेली नव्हती. जेसीबीला ती फोडायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ अमीरबी पायरीवर ताठ बसून होती.

वळवलेलं पाणी शेवटी मोठ्या लाइनीत सोडलं तेव्हा दीक्षानं वर रंग ओतला. तेराव्या मिनिटाला टोकाचा माणूस शिट्टी वाजवू लागला. चाची मात्र आपल्या दारातल्या लाइनीवर वाकून आणखी तासभर बसली. पोरीचं गणित तिला कळत नव्हतं. तिला स्वतः बघायचं होतं. तासानं ती उठली, गुडघे चोळले आणि एवढंच म्हणाली, की हिकडं काय आलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी चेंबरवर नवीन स्लॅब बसणार होता. आतलं पाणी तेवढ्यापुरतं वर अडवून ठेवलं होतं. त्या सकाळी अंबूआजी आली, जोतीकाकांच्या दंडाला धरून. बत्तीस वर्षांत ती या वळणावरून कधी गेली नव्हती. बाजाराला जायचं तर लांबून तळ्याकडून जायची. कठड्याला लावलेल्या फळीपाशी ती थांबली. खाली ऊन थेट तळापर्यंत पोहोचलं होतं. फुटक्या विटांचा चुरा दिसत होता, बाकी काही नाही.

"एवढंच खोल?" तिनं विचारलं. "मला वाटायचं, तळच नसंल त्याला."

दीक्षानं आकडा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं कमरेची मोजपट्टी काढली, टोकाला वजन अडकवलं आणि अंबूआजीच्या हातात दिली. म्हातारीनं पदर खोचला. हळूहळू, हातावर हात ठेवत, ती पट्टी खाली सोडत गेली. एक मीटर, दोन, तीन. आबा काठीवर रेलून बघत होते. जोतीकाकांनी आईचा दंड धरून ठेवला होता. चार मीटर आणि वर वीस सेंटिमीटर झाले, आणि पट्टी सैल पडली.

अंबूआजीनं ती जराशी ओढून पाहिली, पुन्हा सोडली.

"टेकलं," ती म्हणाली.